सर्दी कुणाला झालीये? काढा, पेज आणि ‘अशक्त’ माणसं

ज्यांना हा एपिसोड लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे अर्धाच ऐकता आला, त्यांच्यासाठी पूर्ण बोलणं इथे लिहून टाकतोय. डहाणू रोडहून विरारच्या दिशेने निघालं की कुठे कुठे आवाज तुटतो, हे मला तोंडपाठ आहे. बोललोय तसंच ठेवलंय, थोडी साफसफाई फक्त केलीये.

आजचा विषय साधा आहे. सर्दी. हो, तीच. नाक गळतंय, अंग मोडून आलंय, घशात खवखव. आपल्याकडे सर्दीला कुणी आजार म्हणतच नाही. ‘पावसात भिजला असशील, काढा घे, झोप.’ संपला विषय. मीही असाच होतो. पण एका सर्दीने मला चांगलंच वठणीवर आणलं. त्या सर्दीची गोष्ट आधी सांगतो. मग आपण चीनमध्ये जाऊ, आणि मग परत तलासरीला येऊ. जरा धीर धरा, रस्ता एकच आहे.

मी डहाणूचा, माझं आजोळ तलासरीच्या आतल्या पाड्यावर. आम्ही वारली. बीटेक करून मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो, आणि त्या दिवसापासून घरच्यांच्या लेखी मी सगळ्याच विषयांतला जाणकार झालो. मोबाईल बिघडला, मला फोन. फॉर्म भरायचाय, मला फोन. कुणी आजारी पडलं, तरी मलाच फोन!

दोन वर्षांपूर्वी, आवणीच्या दिवसांत मामीचा फोन आला. मामेबहीण तेव्हा बारावीला होती. शेतात भिजली, सर्दी झाली, ताप आला. ही मुलगी लहानपणापासून ‘नाजूक’. दर पावसाळ्यात आजारी, दर थंडीत हातपाय दुखणार, डोळे जरा पिवळट, खेळताना पटकन धाप लागणार. सगळे म्हणायचे, ‘अंगातच ताकद नाही पोरीच्या.’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते आम्हाला तिच्या नावासारखंच वाटायचं.

मी काय केलं? ग्रुपवर आलेला एक काढा पुढे पाठवला. सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस, गुळवेल, ज्येष्ठमध. वर माझी भर: ‘मामी, दिवसातून तीनदा दे. दोन गोधड्या घाल, चांगला घाम काढ. जेवण नको देऊ, लंघन करू दे.’ किती आत्मविश्वास बघा! चार दिवस हेच चाललं. चौथ्या रात्री तिला पाठीत आणि छातीत अशा कळा सुरू झाल्या की ती ओरडायला लागली. गाडी करून सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी डोळे बघितले, रक्त काढलं, आणि मामीला एकच विचारलं, ‘हिची सिकलसेलची तपासणी कधी केलीये का?’

नव्हती केली. कुणीच नव्हती केली.

ही गोष्ट इथे थांबवतो. आता चीन. तुम्ही म्हणाल, हा कुठे निघाला?

झालं असं, की त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसमध्ये माझ्याकडे एक काम आलं. पारंपरिक औषधांच्या माहितीचा एक मोठा संच नीट लावायचा होता. त्यात चिनी औषधी योगही होते. योग म्हणजे अनेक वनस्पतींचं ठरलेलं मिश्रण, आपल्या काढ्यासारखंच. मी तक्ते लावत बसलो होतो आणि सर्दीच्या भागात अडकलो. कारण तिथे ‘सर्दीचं औषध’ असा एकच कप्पा नव्हता. थंडी वाजणारी सर्दी वेगळी, घसा जळणारी वेगळी. ते ठीक. पण त्याच्या खाली आणखी एक पूर्ण कप्पा होता: जो माणूस मुळातच अशक्त आहे, त्याला झालेली सर्दी.

मी खुर्चीतच सरळ बसलो. डोळ्यांसमोर मामेबहीणच आली.

त्या कप्प्यामागचा विचार मी माझ्या भाषेत सांगतो. चिनी वैद्यकात सर्दी म्हणजे बाहेरून आत शिरलेला एक पाहुणा, नको असलेला. धडधाकट माणसाला काय करायचं? घाम काढायचा, पाहुण्याला दारातून बाहेर ढकलायचं. पण ज्याच्या अंगात ताकदच नाही, त्याचं काय? ढकलायला बळ लागतं. तिथे जोरात घाम काढला, तर पाहुणा राहतो घरातच आणि घरमालक बाहेर पडतो! म्हणून अशा माणसाला दोन गोष्टी एकाच वेळी द्यायच्या. थोडी ताकद, आणि थोडं ढकलणं.

याची जुनी उदाहरणं आहेत. साधारण १८०० वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग नावाचा वैद्य होऊन गेला. त्याच्या ‘शांग हान लुन’ या ग्रंथात थंडीतापाच्या आजारांचा विचार आहे. धट्ट्याकट्ट्या, घाम न येणाऱ्या माणसासाठी त्यात ‘मा हुआंग तांग’ आहे. ‘तांग’ म्हणजे काढा. तो जोरदार घाम काढतो. पण तोच ग्रंथ पुढे इशारे देतो की कुणाकुणाला घाम काढायचा नाही. त्या यादीत एक नाव आहे: ज्याच्या अंगातलं रक्त कमी झालंय, तो माणूस.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून खाली चहाला गेलो. ‘चांगला घाम काढ,’ हे माझंच वाक्य कानात घुमत होतं.

आता कुणी असं म्हणू नका, की चिन्यांना १८०० वर्षांपूर्वी सिकलसेल माहीत होता. नव्हता. पण आजाराच्या आधी आजारी माणसाकडे बघायची शिस्त त्यांच्याकडे होती. माझ्याकडे ती नव्हती.

पुढचं उदाहरण १११९ सालच्या एका ग्रंथातलं आहे. लहान मुलांचा वैद्य म्हणून नावाजलेल्या छियान यी याच्या शिकवणीवरचा हा ग्रंथ. त्यात ‘रेन शेन बाई दू सान’ नावाचा योग आहे. रेन शेन म्हणजे जिनसेंग. सर्दी बाहेर काढणाऱ्या बऱ्याच वनस्पती, आणि त्यांच्यात ताकदीसाठी अगदी थोडं जिनसेंग. थोडंच, हे महत्त्वाचं. आधी टॉनिक पाजून गुटगुटीत करायचं आणि मग सर्दीकडे बघायचं, असं नाही. लढणाऱ्याला आधार द्यायचा, इतकंच. तिसरा योग ‘यू पिंग फेंग सान’. म्हणजे जेड नावाच्या हिरव्या दगडाचा पडदा. वारा अडवणारा. त्यात तीनच वनस्पती आहेत, आणि तो वारंवार सर्दी होणाऱ्यांसाठी सांगितलाय.

पण माझा सगळ्यात आवडता भाग पुढे आहे. झांग झोंगजिंगचाच दुसरा एक सौम्य काढा आहे, ‘ग्वेझी तांग’. ज्याला आधीच घाम येतोय आणि अंगात दम नाही, अशा सर्दीवाल्यासाठी. त्यात पाच गोष्टी. दालचिनीच्या झाडाच्या कोवळ्या काड्या, आलं, ज्येष्ठमध, चिनी बोरं आणि पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ. पिओनी सोडली तर बाकी सगळं, नाहीतर त्याची भावंडं, आपल्या ओळखीची! आणि काढा दिल्यावर काय करायचं, तेही लिहिलंय. थोड्या वेळाने गरम, पातळ भाताची पेज पाजा. पांघरूण घाला. अंगभर हलका ओलावा यावा, इतकाच घाम येऊ द्या. पाणी वाहिल्यासारखा घाम येऊ द्यायचा नाही.

पेज! मंडळी, पेज! आमच्या आजीचं अर्धं वैद्यक पेजेत होतं. तापात तांदळाची पेज, अंगात जरा जीव आला की नागलीची. चुलीवर गवती चहा आणि आलं उकळत असायचं, कुडाला टेकून बसवायची आणि घोट घोट पाजायची. अडुळशाची पानं खोकल्याला, निरगुडीचा पाला शेकायला. पण अडुळसा कधी, किती, कुणाला, हे तिचं ठरलेलं असायचं. म्हाताऱ्याला वेगळं, बाळंतिणीला वेगळं, शेतातून आलेल्या मामाला वेगळं. पोटात काही नसताना तिने आम्हाला कडू काही दिलेलं मला आठवत नाही. मी मात्र आजीचं फक्त झाडपाल्याचं नाव उचललं. तिचं बघणं उचललंच नाही. आणि पेज तर बंदच करायला लावली!

आयुर्वेदही वेगळं सांगत नाही. चरकसंहितेत वैद्याने रोग्याची दहा अंगांनी परीक्षा करावी असं सांगितलंय. त्यात वय येतं, पचवायची शक्ती येते, श्रम करायची शक्ती येते. लंघनसुद्धा सरसकट सगळ्यांना नाही, बळ बघून. आपल्या ग्रुपवरच्या काढ्यात मात्र हे सगळे प्रश्न गळून पडतात. उरते फक्त सामानाची यादी. कोडिंगवाल्या मित्रांनो, आतल्या सगळ्या अटी पुसून टाकायच्या आणि फक्त शेवटची ओळ चालवायची, तसं आहे हे.

एक गंमत सांगतो. सितोपलादि चूर्ण माहितीये ना, खोकल्याचं? त्याचं माप आहे १६, ८, ४, २, १. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. मला हे बघून जाम आनंद झाला, प्रत्येक पायरीला निम्मं! पण हिशोब करा. एकूण ३१ भागांत १६ भाग साखर. निम्म्याहून जास्त. आता हेच चूर्ण मधुमेह असलेल्या आजोबांना ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून दिवसातून चारदा चाटवलं तर? औषध तेच. माणूस वेगळा.

ज्येष्ठमधाचंही तसंच. घशाला छान वाटतं. पण जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो, अंगातलं पोटॅशियम कमी होतं. ब्लडप्रेशरची गोळी चालू असलेल्या माणसाला हे विचारायला हवं की नको?

गुळवेल तर आपण करोनात भाजीसारखी खाल्ली. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा साधा काढा सांगितला होता, दिवसातून एकदोनदा. आपण त्यात मनाने काय काय घातलं आणि महिनोन्‌महिने प्यायलो. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. वनस्पती नीट ओळखली गेली का, दुसरीच एखादी वेल होती का, असा प्रश्न त्यांनी केला. वाद त्यांचा. पण आपल्यासाठी दोन्ही बाजूंनी धडा एकच निघतो. कुंपणावरची वेल कुठली आहे ते ओळखता येत नसेल, आणि घेणाऱ्याच्या यकृताची हालत माहीत नसेल, तर हात आवरा.

मेडिकलमध्ये सर्दीतापाला सहज मिळणारी त्रिभुवनकीर्ती घ्या. त्यात शुद्ध केलेला बचनाग असतो, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुगही असतं. वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी, अशी सूचना अशा औषधांच्या वेष्टनावर असावी लागते. ती सूचना कोण वाचतं? चिनी बाजूलाही हेच. अशक्त माणसाच्या सर्दीसाठीच एक जुना योग आहे, त्यात मा हुआंग, बचनागाचा चिनी भाऊ आणि आसारम नावाची वनस्पती आहे. मा हुआंग म्हणजे इफेड्रा, त्याने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात. अमेरिकेने २००४ मध्ये इफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. आसारममध्ये मूत्रपिंडाला घातक असं अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. म्हणजे ‘अशक्तांसाठी’ अशी पाटी असलेलं औषधही अशक्ताला धोक्याचं ठरू शकतं. त्यामुळे हा एपिसोड ऐकून कुणी ऑनलाइन चिनी पुड्या मागवू नका, हात जोडतो!

‘मग हे चिनी योग काम करतात का?’ हा प्रश्न येणारच. सर्दीवरच्या चिनी औषधांच्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २००७ मध्ये घेतला होता. निष्कर्ष असा, की चाचण्यांचा दर्जा कमी आहे, त्यावरून कुठल्याही योगाची शिफारस करता येत नाही. साधी सर्दी तशीही आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. म्हणून मी त्या तक्त्यातून औषध उचललं नाही. मी फक्त प्रश्न उचलला: सर्दी कुणाला झालीये?

चला, परत तलासरीला.

मामेबहिणीचा रिपोर्ट आला. सिकलसेल, एसएस. म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही तो जनुक आलेला. यात काय होतं? आपल्या लाल पेशी गोल, मऊ असतात. हिच्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकल्या तिथे कळा. त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, धाप. पेशी वाकायला निमित्त काय लागतं? ताप. संसर्ग. गारठा. आणि अंगातलं पाणी कमी होणं.

आता मी दिलेला सल्ला परत वाचा. ताप अंगावर काढायचा. गोधड्या घालून घाम काढायचा. खाणंपिणं बंद.

काढ्यामुळेच सगळं झालं, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या नाहीत. पण चार दिवस गेले आणि अंगातलं पाणी गेलं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘हिला सर्दी झाली की पहिलं औषध पाणी. आणि ताप १०१ च्या वर गेला की कसलीही वाट न बघता इकडे.’ सिकलसेलमध्ये प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे साधा वाटणारा संसर्ग झपाट्याने वाढू शकतो. छातीत दुखणं आणि धाप हे तर फारच गंभीर लक्षण. आज ती हायड्रॉक्सीयुरिया घेते, लसी घेतल्यात, पाण्याची बाटली कायम सोबत असते. कॉलेजला जाते. अजूनही कधी कधी दुखतं. पण आता तिला कुणी ‘नाजूक’ म्हणत नाही. तिच्या अशक्तपणाला नाव आहे.

आणि मला वाटतं, आजची सगळी गोष्ट इथे येऊन थांबते. चिनी वैद्य म्हणाले अशक्त माणसाची सर्दी वेगळी. आयुर्वेद म्हणाला बळ बघा. आजीही तेच करायची. तिघांचंही बरोबर. पण आज आपल्या हातात एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे नव्हती. अशक्तपणा का आहे, हे आपण रक्त तपासून शोधू शकतो. सिकलसेल असेल. नुसती लोहाची कमतरता असेल. मधुमेह असेल. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर टीबी असू शकतो. त्याची थुंकीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ‘अंगातच ताकद नाही’ हे काही उत्तर नाही. तिथून तपासणी सुरू व्हायला हवी.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. पालघरसारख्या आदिवासी जिल्ह्यात ही तपासणी आपल्यासाठीच आहे. पाड्यावर शिबिर आलं की ‘मला काय झालंय’ म्हणत घरात लपू नका. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांनी तर जायच्या आधीच करून घ्या, तिथे दवाखाना लांब असतो.

शेवटचं, जरा खासगी. मामाकडे हा जनुक आहे म्हटल्यावर आईने आणि मीही तपासणी केली. मी वाहक निघालो, एएस. मला त्रास काही नाही, बहुतेक वाहकांना नसतोच. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळाला एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. घरात माझ्या लग्नाचं बोलणं चाललंय. परवा एका ठिकाणाहून निरोप आला, तर आईनेच आधी विचारलं, ‘मुलीची तपासणी झालीये का? आमच्या पोराची झालीये, कार्ड दाखवतो.’ सांगताना तिचा आवाज जरा कापला. पण तिने सांगितलं. मला आईचा फार अभिमान वाटला.

तर मंडळी, पुढच्या वेळी घरातून फोन आला, ‘सर्दी झालीये, काय देऊ?’, तर लगेच यादी पाठवू नका. आधी विचारा, कुणाला? वय काय? आधीपासून काय दुखतंय? गोळ्या कुठल्या चालू आहेत? पाणी पितोय का, लघवी होतेय का? ताप तीन दिवसांहून जास्त, धाप, छातीत दुखणं, झोपेतून नीट जाग न येणं, यातलं काहीही असेल तर काढा बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. सिकलसेल आहे हे माहीत असेल तर तीन दिवसही थांबायचं नाही. बाकी साध्या सर्दीला गवती चहा प्या की, आलं घालून. मीही पितो.

आणि हो, पेज करा. गरम, पातळ, चिमूटभर मीठ घालून. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, घरच्यांचीही!